शेपटीचा हिशेब : 'कोब्रा परिणाम' या शब्दाचा पूर्वेतिहास

एखादे संकट निवारण्यासाठी योजलेला उपाय त्या संकटालाच खतपाणी घालू लागतो, तेव्हा अशा स्वतःवर उलटणाऱ्या प्रयत्नाला अर्थशास्त्रात आणि प्रशासनविषयक लेखनात 'कोब्रा परिणाम' म्हणण्याचा प्रघात गेल्या पंचवीसेक वर्षांत पडला आहे. हे नाव रूढ होण्यास कारण झाले होर्स्ट झीबर्ट या जर्मन अर्थशास्त्रज्ञाचे २००१ मध्ये निघालेले 'देर कोब्रा-एफेक्ट' हे पुस्तक. झीबर्ट हे कील येथील जागतिक अर्थव्यवस्थेच्या अभ्याससंस्थेचे दीर्घकाळ प्रमुख होते आणि त्यांच्या पुस्तकाचा विषय भारत नव्हता, सापही नव्हते. आर्थिक धोरणे आखणारे शासन लोकांच्या वागण्याचा अंदाज न घेताच नियम करते आणि मग ते नियम कसे अंगाशी येतात, हे त्यांना मुख्यतः जर्मनीतील उदाहरणांवरून दाखवायचे होते. त्यासाठी त्यांनी ब्रिटिश अमदानीतील हिंदुस्थानची एक कथा वापरली. नागांचा सुळसुळाट झाला म्हणून एका इंग्रज अधिकाऱ्याने मेलेल्या नागामागे बक्षीस लावले. लोकांनी बक्षिसासाठी घरोघर नाग पोसण्यास सुरुवात केली. सरकारला सुगावा लागताच बक्षीस बंद झाले. आणि निरुपयोगी ठरलेले पाळीव नाग लोकांनी सोडून दिल्यामुळे त्यांची संख्या पूर्वीपेक्षाही वाढली. पुढे ही कथा ज्याने त्याने सांगितली आणि सांगता सांगता तिच्यात दिल्ली हे गावही आले.

कथा बेतशीर आहे, आणि तिच्याविषयी संशय येण्याचे पहिले कारणही तेच आहे. कोणत्या वर्षी, कोणत्या अधिकाऱ्याच्या हुकुमाने, नागामागे किती आणे देऊन हा प्रयोग झाला, हे सांगणारा समकालीन दस्तऐवज आजवर पुढे आलेला नाही. आणि ज्या राजवटीने मेलेल्या कोल्ह्या-लांडग्यांचेही वार्षिक तक्ते छापले, तिच्या दप्तरात अशी फजिती अजिबात उमटू नये, हे पटण्याजोगे नाही. शिवाय नाग पोसणे हा कोंबड्या पाळण्यासारखा घरगुती धंदा नव्हे. मादी एका वेळी दहा-वीस अंडी घालत असली तरी ती उबून पिल्ले बाहेर येण्यास सुमारे दोन महिने लागतात, आणि अंड्यातून निघालेले पिल्लूही जन्मतःच विषारी असते. चार आण्यांसाठी हा उद्योग वस्तीतल्या वस्तीत सर्रास चालला असे मानायचे, तर पुरावाही तेवढाच भक्कम हवा. लोक बक्षिसासाठी साप वाढवतात असा संशय एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी लिखाणात अधूनमधून डोकावतो खरा, परंतु प्रजेच्या लबाडीविषयीचा संशय हा त्या लिखाणाचा नेहमीचाच सूर असल्याने त्याला साक्षीपुराव्याचा दर्जा देता येत नाही.

तथापि कथा कच्ची ठरली म्हणून तिच्या मागे असलेली रीत खोटी ठरत नाही. उपद्रवी प्राण्याच्या शिरावर सरकारने किंमत लावायची आणि ती किंमत कोणीही येऊन घेऊन जायची, ही पद्धत हिंदुस्थानात येण्यापूर्वी इंग्लंडमध्ये चांगली मुरलेली होती. आठव्या हेन्रीच्या काळात १५३२ मध्ये आणि एलिझाबेथ राणीच्या काळात १५६६ मध्ये धान्यरक्षणाचे कायदे झाले, आणि दुसऱ्या कायद्याने तर प्राण्यांचे दरपत्रकच ठरवून दिले. कावळ्याच्या तीन डोक्यांना एक पेनी, कोल्ह्याच्या किंवा बिजूच्या डोक्याला बारा पेन्स, आणि रात्री गाईचे दूध पितो या समजुतीमुळे बदनाम झालेल्या बिचाऱ्या साळूसारख्या काटेरी जाहकाला दोन पेन्स. हा पैसा गावातील चर्चच्या व्यवस्थापकांनी जमीनधारकांकडून गोळा करायचा, आणलेली डोकी मोजून घ्यायची, आणि मोजून झाल्याबरोबर ती आपल्यासमोर जाळायची किंवा तोडून टाकायची, असा कायद्याचा दंडक होता. या शेवटच्या कलमाकडे लक्ष द्यावयास हवे, कारण तेच डोके दुसऱ्या दिवशी शेजारच्या गावात पुन्हा विकले जाईल ही शक्यता कायदा करणाऱ्यांनी तेव्हाच जोखली होती. बक्षीस आले की पळवाट शोधणारा माणूस आलाच, हे समजण्यासाठी त्यांना विसाव्या शतकातील अर्थशास्त्राची वाट पाहावी लागली नाही.

हिंदुस्थानात हीच रीत कंपनी सरकारच्या काळापासून जागोजाग दिसते, पण तिला देशव्यापी आणि आकडेवारीने बांधलेले रूप १८७० नंतर आले. बंगालमधील शल्यचिकित्सक जोसेफ फेरर यांनी १८६९ या एका वर्षात सर्पदंशाने ११,४१६ माणसे दगावल्याची आकडेवारी निरनिराळ्या प्रांतांतून जमवली आणि १८७२ मध्ये हिंदुस्थानातील विषारी सापांवर मोठा सचित्र ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यानंतर वन्य पशूंनी आणि सापांनी मारलेल्या माणसांची व माणसांनी मारलेल्या पशूंची आणि सापांची गणना हे सरकारचे दरवर्षीचे काम झाले. मामलेदार कचेरीत किंवा पोलीस ठाण्यात मेलेले जनावर दाखवायचे आणि ठरलेली रक्कम घ्यायची, असा हा व्यवहार होता.

या तक्त्यांमधील एक गोष्ट 'कोब्रा परिणाम' हा शब्द वापरणारे सहसा सांगत नाहीत. वाघ, बिबटे आणि लांडगे यांच्या बाबतीत बक्षिसाची योजना मुळीच उलटली नाही. ती भयंकर यशस्वी झाली. १८७५ ते १९२५ या पन्नास वर्षांत ८०,००० हून अधिक वाघ, दीड लाखाहून अधिक बिबटे आणि दोन लाख लांडगे मारले गेल्याचा हिशेब पर्यावरणाचे इतिहासकार महेश रंगराजन यांनी सरकारी नोंदींवरून मांडला आहे, आणि या संहाराचे परिणाम पुढच्या पिढ्यांनी पाहिलेच. वाघाला पिल्ले थोडी, ती वाढण्यास काळ फार, आणि राहण्यास रान मोठे लागते. अशा प्राण्यावर पैसा लावला की तो संपतो. साप आणि उंदीर यांचे गणित निराळे आहे. त्यांची वीण मोठी, जागा थोडी पुरते, आणि मारलेल्यांची उणीव उरलेले लवकर भरून काढतात. म्हणजे बक्षीस उलटणार की फळणार हे लोकांच्या प्रामाणिकपणाइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, त्या प्राण्याच्या वंशवृद्धीवर अवलंबून असते.

याची साक्ष कोकणात मिळते. रत्नागिरी जिल्ह्यातील जांभ्याच्या सड्यांवर, दगडांच्या फटींत आणि सुकलेल्या गवतात राहणारे फुरसे हे चार प्रमुख विषारी सापांमध्ये आकाराने सर्वांत लहान, बहुधा दीड-दोन फुटांहून कमीच. अंगाचे वेटोळे एकमेकांवर घासून करवतीसारखा खरखराट करणारे, अंडी न घालता थेट पिल्लांना जन्म देणारे, आणि मातीच्या रंगात असे मिसळून जाणारे की गुराख्याचा पाय किंवा गवत कापणाऱ्या बाईचा हात त्याच्यावर पडल्यावाचून ते दिसत नाही. त्याच्या दंशाने रक्त गोठण्याची क्रिया बिघडते आणि हिरड्यांतून, जखमेतून रक्त झिरपत राहते, त्यामुळे मृत्यू आला तरी तो अनेकदा काही दिवसांनी येतो. या फुरशावर सरकारने किरकोळ बक्षीस लावले तेव्हा डिसेंबर १८६२ मध्ये अवघ्या आठवड्याभरात लाखाहून अधिक फुरशी मारून आणली गेली. आणि रत्नागिरीत नोकरी केलेले मुलकी सेवेतील अधिकारी व पक्षी-सर्पांचे अभ्यासक जी. डब्ल्यू. व्हिडाल यांनी नोंदवल्याप्रमाणे पुढेही काही वर्षे सरासरीने वर्षाला दोन लाखांवर फुरशी मारली जात होती.

हे आकडे ज्याला 'कोब्रा परिणामा'ची कथा ठाऊक आहे त्याला लगेच संशयास्पद वाटतील, पण आठवड्याभरात लाख फुरशी पाळून काढता येत नाहीत. ती सड्यावर होतीच. दगड उलटायचा, काठीने दाबायचे, मारायचे आणि कचेरीत नेऊन द्यायचे, एवढाच तो उद्योग होता. कोणीही लबाडी केली नाही, सरकारने पैसे दिले, लाखो साप खरोखर मेले, आणि तरीही देवगड, राजापूर, रत्नागिरी या पट्ट्यात फुरसे आजही चांगलेच आढळते. सबंध हिंदुस्थानच्या तक्त्यांतही तेच दिसते. दरवर्षी लाखांच्या हिशेबाने साप मारल्याची नोंद होई आणि त्याच पानावर सर्पदंशाच्या मृत्यूंचा आकडा वीस हजारांच्या आसपास दशकानुदशके घुटमळत राही. उपाय निष्फळ ठरण्यासाठी कोणीतरी कपट करावेच लागते असे नाही, ही साधी गोष्ट दिल्लीच्या नागकथेने झाकून टाकली आहे.

कपटाचे खरे आणि कागदोपत्री सिद्ध झालेले उदाहरण हिंदुस्थानाबाहेरचे आहे, आणि ते नागांचे नसून उंदरांचे आहे. व्हिएतनामची आजची राजधानी हनोई ही १९०२ मध्ये फ्रेंच इंडोचायनाची राजधानी झाली होती. १८९७ ते १९०२ या काळात गव्हर्नर जनरल असलेले पॉल दूमेर, जे पुढे १९३१ मध्ये फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष झाले, त्यांना हे शहर रुंद रस्ते, पूल, हवेल्या आणि नळाचे पाणी यांनी पॅरिसची धाकटी बहीण करून दाखवायचे होते, आणि त्या आधुनिकतेचा एक मानाचा भाग म्हणजे युरोपीय वस्तीखालून नेलेली भुयारी गटारे. या गटारांत अन्न होते, ओल होती, काळोख होता, मांजर-साप-घुबड यांपैकी एकही शत्रू पोचत नव्हता. तपकिरी उंदरांना याहून चांगले घर माणसाने आजवर बांधून दिले नसेल. थोड्याच काळात ते शौचकूपांच्या नळांतून थेट गोऱ्यांच्या घरांत बाहेर पडू लागले.

एरवी ही किळसवाणी गैरसोय म्हणून सोडून दिली गेली असती. पण काळ प्लेगचा होता. १८९४ मध्ये हाँगकाँगमध्ये अलेक्सांद्र येर्सँ यांनी प्लेगचा जंतू शोधला होता. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात मूळचे गोव्यातील हडफड्याचे डॉ. अकासियो व्हिएगस यांनी त्याच रोगाचे निदान केले होते; आणि १८९८ मध्ये कराचीत काम करताना पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच वैद्याने उंदराच्या अंगावरील पिसू हा या रोगाचा वाहक आहे हे प्रयोगाने दाखवले होते. उंदीर म्हणजे प्लेग हे समीकरण फ्रेंच अधिकाऱ्यांच्या डोक्यात ताजे असतानाच त्यांच्या सर्वांत अभिमानाच्या बांधकामातून उंदीर वर येत होते.

एप्रिल १९०२ मध्ये गटारांत व्हिएतनामी मजूर उतरवण्यात आले. वाकून, प्रसंगी सरपटत, मैल्यातून जाऊन अंधारात उंदीर मारायचे आणि वर आणून मोजून द्यायचे, असे हे काम होते. त्याची मजुरी नगावर होती आणि मजुरांनी ती वाढवूनही घेतली. या मोहिमेचे दैनिक आकडे शिल्लक आहेत, आणि ते पाहिले म्हणजे प्रशासनाला सुरुवातीला हुरूप का आला असेल हे कळते. पहिल्या आठवड्यात सुमारे आठ हजार, मे महिन्यात दिवसाला हजारोंनी, आणि जूनमध्ये एका दिवशी वीस हजारांवर उंदीर मारले गेले. मात्र गटारे रिकामी होण्याचे चिन्ह दिसेना, तेव्हा हे काम सर्व नागरिकांना खुले करण्यात आले आणि दर उंदरामागे एक सेंट बक्षीस जाहीर झाले. नगरपालिकेच्या कचेरीत मेलेल्या उंदरांचे ढीग येऊन पडू नयेत म्हणून बक्षिसासाठी अख्खा उंदीर न आणता फक्त शेपूट आणावे, असे ठरले.

सगळी मेख या एका सोयीत आहे. १५६६ च्या इंग्लंडमध्ये डोके मागितले जाई. डोके तुटलेला प्राणी जगत नाही. शेपूट तुटलेला उंदीर मात्र खुशाल जगतो, पळतो आणि मुख्य म्हणजे प्रजा वाढवतो. उंदराच्या मादीची गर्भावस्था तीन आठवड्यांची असते आणि एका वेताला सहा ते बारा पिल्ले होतात, म्हणजे शेपूट कापून सोडून दिलेली मादी ही पुढच्या महिन्याच्या डझनभर शेपटांची पेरणी होती. कचेरीत शेपटांच्या जुड्या येऊ लागल्या आणि त्याच वेळी रस्त्यांवर बिनशेपटीचे उंदीर हिंडताना अधिकाऱ्यांच्या दृष्टीस पडू लागले. शहराबाहेरून उंदीर पकडून आत आणले जात होते. आणि आरोग्य खात्याच्या तपासात शहराच्या हद्दीवर चक्क उंदरांची पैदास करणारी ठिकाणे सापडली. बक्षीस बंद झाले, उंदीर राहिले, आणि पुढच्या काही वर्षांत हनोईला प्लेगने गाठलेच. हा प्रकार पुराभिलेखागारातील फायलींमधून बाहेर काढण्याचे श्रेय मायकेल व्हॅन या अमेरिकन इतिहासकाराला आहे. त्यांनी २००३ मध्ये त्यावर शोधनिबंध लिहिला, म्हणजे झीबर्टचे पुस्तक निघून दोन वर्षे झाल्यावर. क्रम उलटा पडला असता तर आज कदाचित सर्वांच्या तोंडी 'उंदीर परिणाम' हा शब्द असता.

नग मोजण्याच्या या हौसेचा आणखी एक मासला जावा बेटावरचा आहे. १९३० च्या दशकात सांगिरान येथे आदिमानवाचे अवशेष शोधणारे पुराजीवशास्त्रज्ञ फॉन केनिग्सवाल्ड यांनी गावकऱ्यांना कवटीच्या तुकड्यामागे पैसे देऊ केले, आणि तुकड्यामागे पैसे मिळतात म्हटल्यावर गावकऱ्यांनी सापडलेल्या मोठ्या तुकड्यांचे लहान तुकडे करून आणून दिले. लाखो वर्षे जमिनीखाली टिकलेले हाड अभ्यासकाच्या दरपत्रकामुळे फुटले, हे स्वतः केनिग्सवाल्ड यांनीच लिहून ठेवले आहे. तेव्हा ज्यांना हा प्रकार केवळ नोकरशाहीचा दोष वाटतो त्यांनी विद्वानांनाही त्यात धरावे.

मुंबईत उंदरांशी चाललेला व्यवहार मात्र निराळ्या रीतीने बेतलेला दिसतो. महापालिकेच्या कीटकनाशक विभागाकडून रात्री काठी आणि विजेरी घेऊन उंदीर मारणारे कामगार नेमले जातात, त्यांच्यावर एका रात्रीत ३० उंदरांचे बंधन असते, आणि सकाळी मोजून द्यायचे असते ते अख्खे मेलेले जनावर. त्यातील काही उंदीर प्लेगच्या तपासणीसाठी परळच्या हाफकिन संस्थेकडे जातात, जी १८९९ मध्ये त्याच रोगाच्या संशोधनासाठी जुन्या राजभवनात सुरू झाली होती. येथे शेपटीवर भागत नाही, त्यामुळे हनोईची पळवाट बंद आहे. परंतु वखारी, मंड्या आणि उघडा कचरा जोवर आहे तोवर ३० चा आकडा रोज भरतो, आणि तो रोज भरतो याचाच अर्थ उंदरांना तोटा नाही.

मराठीत स्वतःवर उलटणाऱ्या कृतीसाठी बोली आणि ग्रंथ दोन्हींत पुष्कळ शब्दसंपत्ती आहे. आपल्याच पायावर धोंडा मारून घेणे यात मूर्खपणा आहे. करायला गेला गणपती आणि झाला मारुती यात कसबाची उणीव आहे. आगीतून फुफाट्यात पडणे यात दुर्दैव आहे. रोगापेक्षा औषध जालीम यात उपायाची अतिरेकी मात्रा आहे. 'कोब्रा परिणामा'च्या सर्वांत जवळ येतो तो 'भस्मासुर'. भागवताच्या दशम स्कंधात हा वृकासुर या नावाने येतो. ज्याच्या मस्तकावर हात ठेवावा तो मरावा असा वर त्याने शंकराकडून मिळवला आणि वराची पारख करण्यासाठी त्याच शंकराच्या मागे लागला. भागवतात विष्णू ब्रह्मचाऱ्याच्या रूपाने येऊन त्याला स्वतःच्या डोक्यावर हात ठेवायला लावतो, आणि लोकांत रूढ झालेल्या कथेत हे काम नाचणारी मोहिनी करते. ही दुसरी कथा महाराष्ट्रात किती परिचित होती हे दादासाहेब फाळके यांनी १९१३ मध्ये आपल्या दुसऱ्या चित्रपटासाठी 'मोहिनी भस्मासुर' हाच विषय घेतला यावरून दिसते.

आजच्या वृत्तपत्री मराठीत मात्र हा शब्द पुष्कळ सैलावला आहे. महागाईचा भस्मासुर, कचऱ्याचा भस्मासुर, अतिक्रमणांचा भस्मासुर असे मथळे सर्रास छापले जातात आणि त्यांत वर देणारा कोणीच नसतो. अर्थ एवढाच की एखादी गोष्ट वाढत चालली आहे आणि सगळे गिळते आहे. या अर्थांतराला 'भस्म्या' या शब्दाचा हातभार लागला असावा. कितीही खाल्ले तरी न शमणारी भूक म्हणजे भस्म्या, वैद्यकातला भस्मक रोग. आणि भस्म्या, बकासुर, भस्मासुर यांची कानाला जाणवणारी जवळीक पाहता वर देऊन पस्तावलेल्या देवाची कथा मागे पडून खादाड राक्षस पुढे आला, यात नवल नाही. शब्दाचे हे नुकसानच झाले आहे, कारण मूळ कथेतील नेमकी गोष्ट त्यातून गळते. भस्मासुराने वर मागितला हे खरे, पण त्याचे परिणाम न तोलता तो दिला शंकराने. आणि आपण दिलेल्या वराच्या भयाने दाही दिशा पळण्याची पाळीही आली ती शंकरावरच. कथा सांगणाऱ्यांनी देवाचा भोळेपणा लपवलेला नाही.

'कोब्रा परिणाम' या शब्दाची मेख नेमकी येथे आहे. नागकथेत अधिकारी फार तर भाबडा ठरतो आणि खरा दोष जातो तो बिनचेहऱ्याच्या, पैशासाठी साप पोसणाऱ्या प्रजेकडे. वसाहतीतील माणूस स्वभावतःच लबाड असतो हा जुना ग्रह अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात उदाहरण म्हणून शिरतो आणि वाचणाऱ्याच्या ते लक्षातही येत नाही. हनोईच्या कागदांतून दिसते ते असे की उंदीर वाढवले ते प्रथम सरकारने, आपल्या गटारांत. मैल्यात उतरून जीव धोक्यात घालण्याचे काम दिले ते नगामागे काही सेंटांवर. आणि मोजदादीची किळस टाळण्यासाठी शेपटीवर समाधान मानले तेही सरकारनेच. ज्यांनी शेपटांची शेती केली त्यांनी दरपत्रक नीट वाचले, इतकेच. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी १९३६ मध्ये हेतुपूर्वक केलेल्या सामाजिक कृतींच्या अनपेक्षित परिणामांवर निबंध लिहिला, आणि इंग्रज अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ मध्ये असा सिद्धान्त मांडला की ज्या आकड्यावरून एखाद्या व्यवस्थेची स्थिती ओळखायची, त्याच आकड्यावर नियंत्रणासाठी भार टाकला की तो आकडा विश्वासार्ह राहत नाही. या दोघांच्या मांडणीत प्रजेच्या चारित्र्याचा प्रश्नच येत नाही, आणि म्हणून ती नागकथेहून अधिक नेटकी आहे. शब्द वापरण्यास हरकत नाही, तो आता रुळला आहे. दिल्लीचे नाग मात्र इतिहास म्हणून सांगू नयेत.

सापांवरचे बक्षीस भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर इतिहासजमा झाले असून बहुतेक साप आता कायद्याच्या संरक्षणाखाली आहेत. त्या कायद्याने आणि सापाच्या कातड्यांच्या निर्यातबंदीने तमिळनाडूतील इरुळा या साप पकडण्यात निष्णात असलेल्या आदिवासी जमातीचा धंदा बुडाला, तेव्हा १९७८ मध्ये सर्पतज्ज्ञ रोम्युलस व्हिटेकर यांच्या पुढाकाराने चेन्नईजवळ त्यांची सहकारी संस्था उभी राहिली. सरकारच्या परवान्याने ठरावीक संख्येत साप पकडायचे, तीन-चार आठवडे ठेवून त्यांचे विष काढायचे, खूण करायची आणि पुन्हा रानात सोडायचे, अशी तिची पद्धत आहे. येथे पैसा जिवंत सापाच्या विषाला मिळतो. भारतात बनणारे सर्पदंशावरील प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांच्या विषापासून तयार होते आणि त्यासाठी लागणाऱ्या विषाचा मोठा वाटा याच संस्थेकडून येतो. ज्या फुरशाच्या कलेवरामागे रत्नागिरीत कधीकाळी किरकोळ नाणी मोजली गेली, त्याचे सुकवलेले विष आज ग्रॅमच्या भावाने विकत घेतले जाते.